समोरच्याचं ऐकणारा हीरो

नागपूरच्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, कौतुकही झालं. मग मित्राच्या लघुपटात काम केलं आणि स्वतःला पडद्यावर पाहून मान खाली गेली. सगळंच ‘ओव्हर’ दिसत होतं. आजोबा म्हणाले, जुन्या हिंदी सिनेमातला अशोककुमार बघ. त्यानं ‘किस्मत’ लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. आता तो विचारतो: या माणसात एवढं काय होतं? अभिनयाचं कसलंही शिक्षण नसताना तो साठ वर्षं टिकला कसा? आणि मी मुंबईला जाऊ का?

भाऊ, वयानं मी तुझ्या वडिलांपेक्षा मोठा असेन, म्हणून ‘तू’ म्हणतो. नागपुरात पस्तीस वर्षं नाटकं बसवतो आहे आणि गेली वीसेक वर्षं शनिवार-रविवारी मुलांना अभिनय शिकवतो. दरवर्षी तुझ्यासारखी चार-पाच मुलं येतात. स्टेजवर तयार असतात, मोबाईलचा कॅमेरा लावला की हरवतात. मी त्यांना पहिल्या महिन्यात अशोककुमारच दाखवतो. आजोबांनी नाव अगदी बरोबर सांगितलं, फक्त ‘किस्मत’पासून सुरुवात नको होती. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी थोडं नागपूरचं सांगतो, कारण माझ्यासाठी अशोककुमार तिथूनच सुरू होतात. माझे बाबा इथल्या सचिवालयात कारकून होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली, बाबांचे कितीतरी सोबती बिऱ्हाड उचलून तिकडे गेले, बाबा नागपुरातच, महाल या वस्तीत राहिले. त्यांच्या डोक्यातला नकाशा मात्र जुनाच राहिला. जबलपूर, सागर, खंडवा ही गावं त्यांना परराज्यातली वाटलीच नाहीत. म्हणून अशोककुमार हे त्यांच्या लेखी ‘आपल्या सीपीचं (मध्य प्रांताचं) पोट्टं’.

ते खरंही होतं. जन्म भागलपूरचा, १३ ऑक्टोबर १९११. नाव कुमुदलाल गांगुली. पण वडील कुंजलाल हे खंडव्याचे वकील, आणि मुलगा वाढला तो खंडव्यात. त्या काळी खंडव्याच्या वकिलाचं मोठं अपील नागपूरला यायचं. ज्या १९३६ साली नागपूरला हायकोर्ट स्थापन झालं, त्याच साली या वकिलाचा मुलगा कायद्याचा नाद सोडून पडद्यावर हीरो म्हणून दिसला. घरच्यांसाठी हा मोठा धक्का होता. सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशी तेव्हाची समजूत. ठरलेलं लग्नसुद्धा मोडलं.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कुंजलालबाबू नागपूरला आपले कॉलेजातले मित्र रविशंकर शुक्ल यांच्याकडे आले, मुलासाठी सरकारी नोकरीची पत्रं घेतली आणि ती खिशात घालून मुंबईला गेले. तिथे बॉम्बे टॉकीज या स्टुडिओचे मालक हिमांशु राय त्यांच्याशी एकांतात बोलले. बाहेर आल्यावर वडिलांनी पत्रं फाडली आणि मुलाला म्हणाले, इथेच राहा. गोष्टीत शुक्लजींना तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणतात, ते जुळत नाही. ते प्रांताचे प्रमुख झाले १९३८ मध्ये. तेवढं बाजूला ठेव. मला त्या गोष्टीत बाप महत्त्वाचा वाटतो. मुलाला परत आणायला निघालेला माणूस समोरच्याचं शांतपणे ऐकतो आणि ठरवून आलेलं बदलतो. हे ‘ऐकणं’ लक्षात ठेव. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे, बाकी सगळं त्याचा तपशील.

आता ते नट झाले कसे ते बघ. मुंबईला ते नट व्हायला गेलेच नव्हते. त्यांच्या बहिणीचे यजमान शशधर मुखर्जी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ध्वनिविभागात होते. त्यांच्या ओळखीनं हा मुलगा तिथल्या लॅबोरेटरीत लागला. फिल्म धुण्याचं, प्रिंट काढण्याचं काम. त्याला तंत्रज्ञ व्हायचं होतं. १९३६ च्या ‘जीवन नैया’च्या वेळी ठरलेला हीरो नजमुल हसन आणि नायिका देविका राणी स्टुडिओतून निघून गेले. देविका राणी या हिमांशु राय यांच्याच पत्नी. त्या परत आल्या, पण त्या हीरोला पुन्हा घेणं शक्य नव्हतं. राय यांनी लॅबमधल्या मुलाला उभं केलं. जर्मन दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन यांना तो मुळीच पसंत नव्हता. राय यांनी ऐकलं नाही. कुमुदलालचा अशोककुमार झाला.

लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मी वर्गात ती वेगळी सांगतो. या मुलानं स्टेजवर कधी आवाज फेकला नव्हता, त्यामुळे त्याला विसरायचं काही नव्हतं. आणि त्याचे दिवस जात होते फिल्म हाताळण्यात. पापणी किती हलली तर पडद्यावर किती दिसते, हे ज्यानं नट होण्याआधी फिल्मवर पाहिलं, त्याला कॅमेऱ्याची भूक किती ते कळणारच. तुझं उलट झालं आहे. तू सायंटिफिक सभागृहात शेवटच्या रांगेतल्या काकूंना ऐकू जावं म्हणून तयार झालास. माझी काही मुलं दिवाळीनंतर झाडीपट्टीत कामं करायला वडसा, गडचिरोलीकडे जातात. तिथे उघड्या मंडपात रात्रभर नाटक चालतं, हजारो माणसं समोर असतात. तिथे मोठंच करावं लागतं, आणि ते फार कठीण काम आहे. त्याला कोणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. पण तीच मोजणी क्लोजअपला लावलीस की ‘ओव्हर’ होणारच. थिएटरच्या पडद्यावर तुझा चेहरा घराच्या भिंतीएवढा असतो. तिथे भुवई उचलणं म्हणजे स्टेजवर हात वर करणं.

म्हणून ते पहिल्या दिवसापासून चांगले नट होते असं समजू नको. मुळीच नव्हते. १९३६ चाच ‘अछूत कन्या’ बघ. देविका राणी सहज वावरतात आणि हा ब्राह्मणाचा मुलगा प्रताप त्यांच्याशेजारी अवघडून उभा आहे. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नाही. ‘मैं बन की चिड़िया’ हे गाणं दोघांनी स्वतःच्या आवाजात गायलं आहे, संगीत सरस्वती देवींचं. गाताना त्यांचं सगळं लक्ष सुराकडे, समोरच्या बाईकडे नाहीच. मुलांना मी हे गाणं मुद्दाम दाखवतो. मुलं हसतात. मग मी म्हणतो, तीन-चार वर्षांनंतरचा हाच माणूस बघा.

१९३९ च्या ‘कंगन’मध्ये त्यांच्यासमोर लीला चिटणीस आल्या. आपल्या मराठी रंगभूमीवरून आलेली, पदवीधर, धारवाडची बाई. मग १९४० ला ‘बंधन’, १९४१ ला ‘झूला’. डोळ्यांनी बोलायचं कसं हे मी लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमार मोकळेपणानं मान्य करत. विचार कर, तेव्हा ते नावाजलेले हीरो होते. समोरची नटी आपल्यापेक्षा काहीतरी जास्त करते आहे, हे हीरोच्या लक्षात येतं, तो ते बघतो, घेतो आणि पुढे सांगतोही. मी पस्तीस वर्षांत किती पुरुष नट असे पाहिले? एका हाताची बोटं पुरतील.

‘डोळ्यांनी बोलणं’ हा शब्द फार वापरला जातो आणि त्यामुळे मुलं डोळे मोठे करायला लागतात. लीलाबाई तसं करत नाहीत. समोरचा बोलत असताना त्यांचं बघणं बदलत जातं. वाक्य सुरू होताना त्या एका भावात असतात, वाक्य संपताना दुसऱ्या. मधला प्रवास दिसतो. अशोककुमार यांनी हेच उचललं. त्यांच्या मधल्या काळातल्या कामात तुला एक गोष्ट सतत दिसेल: समोरच्याचं वाक्य संपल्यावर ते लगेच बोलत नाहीत. क्षणभर ते वाक्य आत जातं. मग उत्तर येतं, आणि ते आत्ताच सुचल्यासारखं येतं. आपल्या स्पर्धेच्या नाटकांत ‘क्यू पडू देऊ नको’ म्हणून आम्हीच ओरडतो, म्हणून तुमचं वाक्य समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर चढून बसतं. त्यात तुझा दोष नाही, आमचा आहे.

आता ‘किस्मत’कडे येऊ. १९४३, दिग्दर्शक ग्यान मुखर्जी. कलकत्त्याच्या रॉक्सी टॉकीजमध्ये हा सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. तू वीस मिनिटांत बंद केलास याचा मला राग नाही. हरवलेला मुलगा, चोर झालेला हीरो, शेवटी आई-बापाची ओळख हे सगळं पुढे इतक्यांनी वापरलं, की मूळ बघताना आपल्याला तेच शिळं वाटतं. आवाज जुना, प्रिंट जुनी. पण १९४३ च्या प्रेक्षकाच्या जागी बस. पडद्यावरचा हीरो तोवर सज्जनच असायचा. इथे तो पाकीटमार आहे, ओठात सिगारेट आहे, आणि त्याबद्दल त्याच्या चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही. आणि लोक त्याच्यावर जीव टाकतात. चोर करताना दादामुनींनी (अशोककुमारांना सगळे असंच म्हणत) चोराचं काहीही ‘केलं’ नाही. आवाज बदलला नाही, चाल बदलली नाही. ते समोरच्या माणसाला नीट ऐकत, बघत राहिले. ज्याचं लक्ष असं दुसऱ्यावर असतं, तो माणूस आपल्याला आवडायला लागतो, चोर असला तरी. पाकीटमाराला तर लक्ष द्यावंच लागतं! ‘अछूत कन्या’त त्रास देणारे हातही इथे कामाला लागले. सिगारेट काढणं, पेटवणं, मधेच थांबवणं. ही सिगारेट रुबाबासाठी आहे असं लोकांना वाटलं. मला ती विचार करायला मिळालेली जागा वाटते.

‘दादामुनी’ म्हणजे बंगालीत लाडका थोरला भाऊ. घरात ते थोरले होतेच. धाकटा भाऊ, गायक किशोरकुमार, त्यांच्याहून जवळपास अठरा वर्षांनी लहान. पुढे सगळी इंडस्ट्रीच त्यांना तसं म्हणायला लागली, आणि तेही त्यांनी निभावलं. हिमांशु राय १९४० मध्ये गेले. ‘किस्मत’च्या सुमारास शशधर मुखर्जींसोबत काही मंडळी बाहेर पडली आणि फिल्मिस्तान सुरू झाली, त्यात अशोककुमारही होते. काही वर्षांनी ते बॉम्बे टॉकीजला परत आले, आता निर्माते म्हणून. १९४८ च्या ‘जिद्दी’नं देव आनंद यांना उभं केलं आणि त्याच सिनेमात किशोरचं पहिलं गाणं आलं. १९४९ ला ‘महल’. कमाल अमरोही पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होते. मधुबाला कोवळी पोर होती. लताबाईंचं ‘आएगा आनेवाला’ याच सिनेमातलं. नव्या माणसांवर स्वतःचे पैसे आणि स्वतःचं नाव लावायला हीरोकडे वेगळी छाती लागते.

‘महल’मध्ये त्यांचं काम काय आहे? अख्खा सिनेमा ते ऐकत असतात. एक मोठा रिकामा वाडा, कुठूनतरी येणारं गाणं आणि ते गाणं ऐकणारा एक माणूस. भूत आहे की नाही हे प्रेक्षकाला त्यांच्या ऐकण्यातून कळतं. घाबरण्याचा अभिनय करणारा नट असता, तर सिनेमा पहिल्या रिळातच बसला असता.

दिलीपकुमारही बॉम्बे टॉकीजमधूनच आले, १९४४ च्या ‘ज्वार भाटा’तून. अशोक भैयांनी आपल्याला अभिनय ‘करू नको’, त्या प्रसंगात तू जे करशील ते कर, असं समजावलं, हे दिलीपसाहेबांनी वारंवार सांगितलं आहे. आता तुझं पहिलं काम: नितीन बोस यांचा १९५१ चा ‘दीदार’ लाव. दिलीपकुमार आंधळा शामू, अशोककुमार डोळ्यांचा डॉक्टर. दोघांच्या मनात एकच मुलगी, नर्गिस, आणि डॉक्टरला हे माहीत नाही. दोघं समोरासमोर असतील तो सीन पहिल्यांदा नेहमीसारखा बघ. मग आवाज बंद करून बघ, आणि जो बोलत नाही आहे फक्त त्याच्याकडे बघ. दिलीपकुमारांचं काम थोर आहे, त्यांच्याकडे वेदना आहे, सिनेमा त्यांचा आहे. पण ती वेदना तुझ्यापर्यंत पोचते ती डॉक्टरच्या चेहऱ्यावरून. अशोककुमार यांनी त्या सीनमध्ये स्वतःकडे काहीही ओढून घेतलेलं नाही. माझी मुलं पहिल्यांदा हे बघतात तेव्हा दिलीपकुमारांबद्दल बोलतात. तिसऱ्यांदा बघतात तेव्हा गप्प होतात.

१९५३ चा ‘परिणीता’ त्यांच्याच संस्थेचा, दिग्दर्शक बिमल रॉय. तो तुझ्यासाठी नंतर, सवडीनं. त्यात मीनाकुमारी बघ.

१९५८ या सालापाशी मी वर्गात नेहमी थांबतो. त्या एका वर्षात मधुबालाच्या दोन सिनेमांत ते होते. ‘हावडा ब्रिज’मध्ये अशोककुमार तिचे हीरो आहेत. ‘चलती का नाम गाड़ी’मध्ये तिचा हीरो किशोर आहे आणि अशोककुमार किशोरचे थोरले भाऊ, बायकांचं नाव काढलं की भडकणारे बॉक्सर. वय सत्तेचाळीस. एकाच वर्षी, एकाच नायिकेसमोर एक माणूस हीरो आणि हीरोचा मोठा भाऊ, दोन्ही. आणि भावाचं काम करताना कुठेही असं जाणवत नाही, की मी अजून हीरो आहे हं, लक्षात ठेवा. तू विचारलंस ना, साठ वर्षं टिकले कसे. वय वाढतं आहे हे बहुतेक हीरोंना प्रेक्षकांनी, निर्मात्यांनी सांगावं लागतं, आणि ते ऐकत नाहीत. दादामुनींनी ते आधीच ऐकलं.

आणि मग खरं सोनं सुरू झालं. १९६० चा ‘कानून’, बी. आर. चोप्रांचा. त्यात एकही गाणं नाही, त्या काळात ही मोठीच गोष्ट. ते न्यायाधीश. न्यायाधीशाचं कामच मुळी ऐकण्याचं! १९६२ च्या ‘राखी’साठी फिल्मफेअर, त्याच वर्षी पद्मश्री. १९६३ मध्ये दोन सिनेमे आले, ते दोन्ही बघच. ‘गुमराह’मध्ये बायकोच्या मनात दुसरा पुरुष आहे हे कळलेला नवरा. या भूमिकेत ओरडायला, रडायला, कपबशा फोडायला पूर्ण वाव होता. ते यातलं काही करत नाहीत. ते घरात वावरतात, सभ्यपणे बोलतात, आणि बायकोचं प्रत्येक वाक्य आपण त्यांच्या कानांनी ऐकायला लागतो. हा संयम मी अनेकदा स्टेजवर आणायचा प्रयत्न केला, दोनदाच जमला.

दुसरा ‘बंदिनी’. बिमल रॉय, नूतन, धर्मेंद्र. अशोककुमार गावात नजरकैदेत ठेवलेला क्रांतिकारक बिकास. पन्नाशी ओलांडलेला नट प्रेमिकाचं काम करतो आहे आणि ते विचित्र वाटत नाही, कारण प्रेम दाखवायची जबाबदारी त्यांनी नूतनवर सोपवली आहे. शेवटी घाटावरचा आजारी बिकास, संगीतकार एस. डी. बर्मन यांचा आवाज, समोर स्टीमर. अशोककुमार जवळजवळ काहीच करत नाहीत. तो शेवट इतका भिडतो कारण धावतं फक्त एकच माणूस, नूतन. दोन्ही नट धावले असते तर? करून बघ वर्गात. आम्ही करून पाहिलं आहे, सगळं सपाट होतं.

१९६८ चा ‘आशीर्वाद’, हृषीकेश मुखर्जींचा. यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फिल्मफेअरही. ‘रेलगाड़ी’ हे मुलांचं गाणं त्यांनी स्वतः म्हटलं आहे, एका श्वासात धावणारं. शब्द हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. त्यात स्टेशनांची नावं येतात आणि त्यात खंडवा येतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबांनी आम्हा भावंडांना सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये नेलं होतं. खंडव्याचं नाव आलं आणि माझ्या गंभीर, चष्मेवाल्या बाबांनी अंधारात टाळी वाजवली. एकट्यांनीच. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. त्यांची राजधानी जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. बाबांना कशाचा आनंद झाला ते मला फार उशिरा कळलं.

त्या गाण्यातही ऐकणं बघ. बत्तीस वर्षांपूर्वी ‘अछूत कन्या’त गाताना ज्यांचं लक्ष फक्त स्वतःच्या सुराकडे होतं, ते आता गाताना मुलांकडे बघत आहेत. मूल हसलं की पुढची ओळ वेगळी येते. हाच माणूस, हाच आवाज. मधे फक्त सराव.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी वकील, डॉक्टर, श्रीमंत बाप अशी कितीतरी कामं एकाच साच्यात केली. ती बघायची तुला गरज नाही. तरी त्यातही ‘व्हिक्टोरिया नं. २०३’मध्ये प्राण यांच्याबरोबरची जोडी आहे, ‘छोटी सी बात’मध्ये अमोल पालेकरांना धीट बनवणारे खंडाळ्याचे कर्नल आहेत. त्या कर्नलचं काम माझ्या मुलांना सर्वांत जास्त आवडतं. पालेकर बोलायला घाबरतात आणि हे त्यांचं न बोललेलं ऐकतात. १९८२ चा ‘शौकीन’, उत्पल दत्त आणि हंगल यांच्याबरोबर, तोही बघ. तिघं म्हातारे एकमेकांना कशी जागा देतात ते दिसेल. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका आली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी थेट आपल्याशी बोलायला लागले. आमच्या गल्लीत दोन घरी टीव्ही होते. भाग संपला तरी बायका उठायच्या नाहीत, दादामुनी काय म्हणतात ते ऐकून मगच पोळ्या लाटायला जायच्या.

१९८७ मध्ये १३ ऑक्टोबरला, त्यांच्याच वाढदिवशी, किशोर गेला. त्यानंतर त्यांनी वाढदिवस साजरा केला नाही. १९८८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, पुढे पद्मभूषण. १० डिसेंबर २००१ ला मुंबईत चेंबूरला गेले. नव्वद वर्षांचे होते. बाबा त्याआधीच गेले होते.

आता तुझा मुंबईचा प्रश्न. अशोककुमार मुंबईला गेले तेव्हा बहिणीचं घर होतं, महिन्याचा पगार होता आणि हातात काम होतं. हीरोपण नंतर आलं. माझा एक विद्यार्थी घरातले पैसे घेऊन गेला, एका एजन्सीला ‘पोर्टफोलिओ’ आणि ‘ऑडिशनची हमी’ म्हणून भरले, आठ महिन्यांत परत आला. हमी मागे राहिली, पैसेही. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभा राहू नको, एवढं माझं ऐक. जायचंच असेल तर काहीतरी येत असलं पाहिजे. माझा सल्ला असा, की एक वर्ष इथेच राहा आणि एडिटिंग शिक. नागपुरात लघुपट, लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूबच्या वऱ्हाडी मालिका करणारे भरपूर आहेत. त्यांच्या एडिटरशेजारी जाऊन बस, फुकट काम कर. दुसऱ्यांचे चेहरे कापताना तुला कळेल की एडिटर नटाचा कोणता तुकडा ठेवतो. बोलतानाचा कमी आणि ऐकतानाचा जास्त. तुझी लॅबोरेटरी ती. नाटक मात्र सोडू नको. आवाज आणि दम तिथेच तयार होतो, फक्त तो कुठे झाकायचा ते कळलं पाहिजे.

आणि घरी करायचं काम. मित्राला समोर बसव, त्याला त्याच्या आयुष्यात खरंच घडलेलं काहीतरी सांगायला लाव, पाच मिनिटं. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यावर नको, तुझ्या चेहऱ्यावर लाव, आणि तू फक्त ऐक. मान हलवायची नाही, ‘हो का, अरे बापरे’ करायचं नाही. मग बघ. पहिल्या आठवड्यात तुला दिसेल की तू ऐकत नाहीस, ऐकतो आहेस असं दाखवतो आहेस. बहुतेकांना ते बघवत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुठेतरी दहा सेकंद असे सापडतात, जिथे तू स्वतःला विसरला होतास. ते दहा सेकंद कापून वेगळे ठेव. त्यात तुझा चेहरा कसा आहे तो नीट बघ, कारण तो तुला आरशात कधी दिसलेला नाही. मग त्याच बैठकीत लघुपटातलं तुझं एक वाक्य म्हण, मित्राला, जसं त्याच्या बोलण्याचं उत्तर असावं तसं.

‘किस्मत’ मात्र एकट्यानं पुन्हा लावू नको. आजोबांसोबत बस. मधेमधे ते सिनेमा थांबवायला सांगतील आणि कुठल्या टॉकीजमध्ये पाहिला, कोण सोबत होतं, तिकीट किती होतं ते सांगायला लागतील. थांबव, आणि मोबाईल समोरच्या टेबलावर, कॅमेरा तुझ्याकडे करून, आधीच सुरू करून ठेव.